नाव ठेवणं आणि नावं ठेवणं

आपल्या मराठीत एक गंमत आहे. बाळाचं आपण 'नाव ठेवतो' आणि शेजाऱ्याला 'नावं ठेवतो'. फरक म्हटला तर फक्त एका अनुस्वाराचा. प्रोग्रामिंगमध्ये तो अनुस्वारही फार काळ टिकत नाही. आज कोणीतरी एका फंक्शनचं नाव ठेवतं आणि पुढची चाळीस-पन्नास वर्षं जगभरचे लोक त्याला नावं ठेवत बसतात.

या शनिवार-रविवारचा विषय तोच. लायब्ररीतल्या फंक्शनांची नावं अशी का असतात? त्यामागे कोणाचं डोकं असतं, कोणाची अडचण असते आणि ती अडचण संपल्यावरही नाव का जात नाही?

जे या धंद्यात नाहीत त्यांच्यासाठी थोडी पूर्वपीठिका. (आयटीवाल्यांनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल.) लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कोणीतरी लिहून, तपासून ठेवलेला कोड. आणि इंटरफेस म्हणजे हॉटेलचं मेनूकार्ड. आत भटारखान्यात काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही, दिसायची गरजही नाही. कार्डावरचं नाव सांगायचं, पदार्थ टेबलावर येतो. आतला आचारी बदलला, शेगडी बदलली तरी गिऱ्हाइकाला पत्ता लागत नाही. पण कार्डावरचं नाव बदललं की गोंधळ. त्यातून इथलं गिऱ्हाईक माणूस नसून प्रोग्राम असतो. "अहो, पूर्वी ते अमुक मिळायचं ना, तेच का हे?" असं तो विचारत नाही. सरळ बंद पडतो.

म्हणजे आपल्या फंक्शनच्या आतल्या व्हेरिएबलचं नाव आपलं असतं, वाटेल तेव्हा बदलावं. इंटरफेसमधलं नाव मात्र ठेवणाऱ्याचं राहत नाही, ते वापरणाऱ्यांचं होतं. पुढची सगळी भानगड याच एका गोष्टीतून सुरू होते.

सहा अक्षरांची खोली

सुरुवात १९५७ पासून करू. आयबीएमने ७०४ या मशीनसाठी फोर्ट्रान भाषा बाजारात आणली ते हे वर्ष. फोर्ट्रानमध्ये नाव जास्तीत जास्त सहा अक्षरांचं. सहाच का? तर ७०४ चा एक वर्ड ३६ बिटांचा आणि एक अक्षर ६ बिटांचं. ३६ भागिले ६. एका वर्डात एक नाव बरोब्बर मावतं. यात कोणाची आवडनिवड नव्हती, नुसता भागाकार होता.

त्यात आणखी एक नियम होता. आय पासून एन पर्यंतच्या अक्षराने सुरू होणारं नाव आपोआप पूर्णांक, म्हणजे इंटिजर. बाकीची सगळी रिअल. जुन्या मंडळींचा यावर एक विनोद आहे: फोर्ट्रानमध्ये गॉड हा रिअल असतो, कोणी त्याला इंटिजर म्हणून जाहीर केलं नाही तर! आजही आपण लूपमध्ये आय, जे, के वापरतो. गणितातली ती जुनी सवय फोर्ट्रानने नियमात बसवली आणि तिथून ती आपल्या हाताला लागली.

मशीन बदलली पण सहाचा नियम फोर्ट्रान ७७ पर्यंत तसाच राहिला. आणि याच काळात, १९७९ मध्ये, लॉसन, हॅन्सन, किनकेड आणि क्रोग या चौघांनी 'ब्लास' नावाची लायब्ररी प्रसिद्ध केली. व्हेक्टरवरची नेहमीची गणितं एकदाच नीट लिहून ठेवावीत, हा उद्देश. १९९० पर्यंत तिच्यात मॅट्रिक्सचे गुणाकारही आले. सहा अक्षरांत हे सगळं कोंबायचं कसं? तर त्यांनी नावाचं व्याकरणच ठरवलं. गाडीच्या नंबरप्लेटसारखं. 'एमएच १२' म्हटलं की राज्यही कळतं आणि शहरही.

'डीजीईएमएम' हे नाव घ्या. पहिलं अक्षर आकड्याचा प्रकार सांगतं: एस म्हणजे सिंगल प्रिसिजन, डी म्हणजे डबल, सी म्हणजे कॉम्प्लेक्स, आणि डबलवालं कॉम्प्लेक्स असेल तर झेड. पुढची दोन अक्षरं मॅट्रिक्सचा प्रकार: जीई म्हणजे जनरल, एसवाय म्हणजे सिमेट्रिक, टीआर म्हणजे ट्रँग्युलर. शेवटची दोन काम सांगतात: एमएम म्हणजे मॅट्रिक्स गुणिले मॅट्रिक्स. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे नाव म्हणजे कीबोर्डवरून मांजर चालत गेल्यासारखं वाटतं. पण किल्ली एकदा हातात आली की कधीही न पाहिलेल्या फंक्शनचं नावही ओळखता येतं. एसजीईएमएम? सिंगल प्रिसिजनवाला गुणाकार. मॅन्युअल न उघडता!

आता मजा बघा. आज पायथनमध्ये नमपाय वापरून तुम्ही दोन मॅट्रिक्सचा गुणाकार करता तेव्हा आतून सहसा हेच ब्लासचं फंक्शन धावतं. एनव्हिडियाच्या जीपीयूसाठीच्या क्यूब्लास लायब्ररीतही नावाच्या शेवटी तेच जीईएमएम आहे. पुढे एआयसाठी अर्ध्या प्रिसिजनचे आकडे लागले, तर त्यांनी पुढे फक्त एच लावला. न्यूरल नेटवर्कच्या गणिताचा मोठा हिस्सा म्हणजे मॅट्रिक्सचे गुणाकार. म्हणजे या क्षणी जगातली सगळ्यात महागडी मशीन्स जे काम करताहेत, त्याच्या नावाची लांबी १९५७ च्या एका भागाकाराने ठरवलेली आहे.

पण या नावाला मी नावं ठेवणार नाही. जागा कमी होती, तरी त्यांनी वापरणाऱ्याला अंदाज बांधता येईल अशी सोय केली. नामकरणाची पद्धत असावी ती एवढ्यासाठीच. सुंदर दिसण्यासाठी नव्हे, दुसऱ्याला अंदाज यावा म्हणून.

एक हरवलेला 'ई'

पुढचा मुक्काम बेल लॅब्ज, सत्तरचं दशक. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची युनिक्स घडवत होते. तेव्हा टाईप करायला टेलिटाईप असायचा. मॉडेल ३३ चा टेलिटाईप सेकंदाला दहा अक्षरं छापायचा, खडखड आवाज करत. अशा यंत्रावर लांबलचक नावं कोण लिहिणार? म्हणून एलएस, सीपी, एमव्ही.

त्यातलं एक नाव मात्र अजरामर झालं. नवी फाईल तयार करण्याचा सिस्टीम कॉल: सी-आर-ई-ए-टी. क्रिएट, पण शेवटचा 'ई' नसलेला. युनिक्स पुन्हा लिहायला मिळालं तर काय बदलाल, असं थॉम्पसनना विचारल्यावर ते म्हणाले की क्रिएटच्या स्पेलिंगमध्ये 'ई' घालीन. उत्तर गमतीत दिलेलं असलं तरी 'ई' काही परत आला नाही. उलट पुढे फाईल उघडण्याच्या कॉलला जे फ्लॅग आले, त्यात ओ-क्रिएटचं स्पेलिंगही 'ई' शिवायच ठेवलं, नाहीतर जुन्याशी जुळलं नसतं. चूक एकदा इंटरफेसमध्ये गेली की तीच शुद्धलेखन होते.

सी भाषेचं १९८९ चं अमेरिकन स्टँडर्ड काढून बघितलं तर फोर्ट्रानची सावली तिथेही दिसते. वेगवेगळ्या फाईलींत वापरल्या जाणाऱ्या नावाची पहिली सहाच अक्षरं ओळखली जातील, एवढीच हमी त्यात होती, आणि तीही कॅपिटल-स्मॉलचा फरक न करता. कारण कित्येक मशीनवरचे लिंकर जुन्या जमान्यातले होते. १९९९ च्या स्टँडर्डमध्ये ही मर्यादा ३१ झाली. तोपर्यंत स्ट्रकॉपी, स्ट्रकॅट, स्ट्रकंप ही सहा-सहा अक्षरांची मंडळी घराघरात पोहोचली होती.

नाव सोनूबाई...

इथपर्यंत सगळं गमतीचं होतं. आता जरा गंभीर प्रकरण. सी च्या लायब्ररीत 'स्ट्रकॉपी' म्हणजे एक स्ट्रिंग दुसरीकडे कॉपी करणारं फंक्शन. धोका असा की समोर जागा किती आहे ते हे बघतच नाही. जागा कमी पडली तरी लिहीत सुटतं आणि शेजारच्या मेमरीवर अतिक्रमण करतं. नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्म इंटरनेटवर पसरला, त्याची एक वाट अशाच एका बेफाम फंक्शनमधून गेली होती. त्याचं नाव 'गेट्स', तेही मर्यादा न बघता इनपुट वाचत सुटणारं. तेव्हापासून सगळीकडे सांगणं सुरू झालं: मर्यादा घेणारी फंक्शनं वापरा.

लोकांनी लायब्ररीत शोधलं. स्ट्रकॉपीच्या शेजारीच 'स्ट्रएनकॉपी' बसलेलं. एन म्हणजे संख्या, म्हणजे किती अक्षरं कॉपी करायची ती मर्यादा. नावावरून दुसरं काय वाटणार? स्ट्रकॉपीची सुरक्षित बहीण!

पण हे फंक्शन त्या कामासाठी जन्मलंच नव्हतं. जुन्या युनिक्समध्ये डिरेक्टरीतली एक नोंद १६ बाईटांची असे: २ बाईट आयनोडच्या नंबराला, १४ फाईलच्या नावाला. नाव लहान असेल तर उरलेली जागा शून्यांनी भरायची, बरोब्बर १४ चं असेल तर शेवटी शून्य ठेवायचं नाही. अशा ठरावीक लांबीच्या चौकटी भरायला स्ट्रएनकॉपी होतं. सी मध्ये स्ट्रिंग संपली हे शेवटच्या शून्यावरूनच कळतं. म्हणजे मजकूर जागेएवढा किंवा मोठा असेल तर हे 'सुरक्षित' फंक्शन शेवट नसलेली स्ट्रिंग हातात देतं, आणि पुढे ती वाचणारा कोड कुठवर भरकटेल याचा नेम नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

फंक्शन चुकीचं नव्हतं, हे लक्षात घ्या. ते सांगितलेलं काम चोख करत होतं. चुकीचं होतं ते त्याचं नाव, आणि त्या नावावर विश्वास ठेवणारे लोक वर्षानुवर्षं बग लिहीत राहिले.

यावर उपाय म्हणून १९९८ मध्ये ओपनबीएसडीवाल्यांनी 'स्ट्रएलकॉपी' आणलं. लिनक्सवरच्या जीलिबसीने ते आत घ्यायला २०२३ उजाडलं. तोवर लिनक्स कर्नलवाल्यांना त्यातही खोट दिसली होती. त्यांनी २०१५ मध्ये स्वतःचं 'स्ट्रएसकॉपी' काढलं आणि २०२४ मध्ये कर्नलमधून स्ट्रएलकॉपी हद्दपार केलं. 'गेट्स' तर २०११ च्या सी स्टँडर्डमधून कायमचंच गेलं. आता हिशोब करा: स्ट्रकॉपी, स्ट्रएनकॉपी, स्ट्रएलकॉपी, स्ट्रएसकॉपी. चार बहिणी, मधल्या एका अक्षराचा फरक, आणि प्रत्येकीचा स्वभाव वेगळा. कॅम्पस इंटरव्ह्यूला विचारायला प्रश्न छान आहे, रोजच्या कामाला मात्र डोकेदुखी.

बाण, उंट आणि हंगेरी

आता अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियात, झेरॉक्सच्या पार्क संशोधन केंद्रात जाऊ. तिथे सत्तरच्या दशकात स्मॉलटॉक भाषा तयार होत होती. १९६३ च्या आस्कीमध्ये डावीकडे तोंड केलेला एक बाण होता. १९६७ च्या आवृत्तीत त्याच जागी अंडरस्कोर आला. पार्कच्या आल्टो मशीनवर मात्र त्या जागी बाणच राहिला आणि स्मॉलटॉकमध्ये तो किंमत ठेवण्यासाठी वापरला जाई. मग दोन शब्दांचं नाव जोडायला अंडरस्कोर आणायचा कुठून? उपाय सोपा: दुसऱ्या शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल. आज ज्याला आपण कॅमलकेस म्हणतो, म्हणजे मध्येच उंटाच्या मदारीसारखं उंच अक्षर, त्याच्या प्रसाराचं हे एक मोठं कारण समजलं जातं. स्मॉलटॉकचा हा वारसा पुढे ऑब्जेक्टिव्ह-सी आणि जावाकडे गेला. सी आणि युनिक्सचं घराणं अंडरस्कोरवर राहिलं.

आता पायथन बघा. २००१ च्या पेप ८ या नियमावलीत फंक्शनची नावं स्मॉल अक्षरांत, अंडरस्कोर घालून लिहा असं म्हटलंय. पण त्याच पायथनबरोबर येणाऱ्या युनिटटेस्टमध्ये 'सेटअप' आणि 'असर्टइक्वल' उंटासारखी लिहिलेली. कारण ही लायब्ररी जावाच्या जेयुनिटवरून घेतली, आणि जेयुनिट स्मॉलटॉकच्या एसयुनिटवरून. आडनावावरून मूळ गाव ओळखावं तसं आहे हे.

याच पार्कमध्ये चार्ल्स सिमोनी होते. जन्म बुडापेस्टचा. १९८१ मध्ये ते मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि आपली नामकरणाची पद्धत बरोबर घेऊन गेले. व्हेरिएबलच्या नावाआधी ते काय जातीचं आहे हे सांगणारी एक-दोन अक्षरं लावायची. हंगेरियन लोक आडनाव आधी लिहितात, म्हणून या पद्धतीला नाव पडलं हंगेरियन नोटेशन. सिमोनींना अपेक्षित होता अर्थ: हा आकडा ओळीचा की रकान्याचा? दोन्ही इंटिजरच, पण एकात दुसरा मिसळला तर चूक. विंडोजच्या टीमने मात्र त्यातून फक्त डेटा टाईप उचलला. डब्ल्यू म्हणजे १६ बिटांचा वर्ड, एल म्हणजे ३२ बिटांचा लाँग.

आणि मग ते इंटरफेसमध्ये गेलं. विंडोजच्या प्रत्येक मेसेजबरोबर दोन गोष्टी येतात: 'डब्ल्यूपॅरम' आणि 'एलपॅरम'. १६-बिट विंडोजमध्ये ही नावं खरी होती. ३२-बिट विंडोजमध्ये दोन्ही ३२ बिटांचे झाले, ६४-बिटमध्ये दोन्ही ६४ चे. डब्ल्यू अजून डब्ल्यूच आहे. अर्थ सांगणारं नाव टिकलं असतं; आकारमान सांगणारं पहिल्याच अपग्रेडला खोटं ठरलं. २००२ मध्ये डॉटनेट आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टच्याच नियमावलीत लिहिलं होतं की हंगेरियन नोटेशन वापरू नका.

स्वतःपुरतं केलं होतं हो!

पीएचपीवाल्या मित्रांनी इथे खुर्ची सावरून बसावं :) पीएचपीच्या फंक्शनांच्या नावांना जेवढी नावं ठेवली गेलीत तेवढी क्वचितच कोणाला ठेवली असतील. स्ट्रलेन एकत्र, स्ट्र_रिप्लेस अंडरस्कोरने. स्ट्रपॉसमध्ये गवताची गंजी आधी आणि सुई नंतर, इन_अरेमध्ये सुई आधी आणि गंजी नंतर.

२०१३ मध्ये पीएचपीचे जनक रासमुस लर्डॉर्फ यांनी याचं एक कारण सांगितलं, ते ऐकून अनेकांनी कपाळाला हात लावला. १९९४ च्या सुमाराला पीएचपीत शंभराहूनही कमी फंक्शनं होती. नावावरून फंक्शन पटकन सापडावं म्हणून टपालाच्या खणांसारखे खण केले होते, आणि कोणतं नाव कुठल्या खणात हे ठरायचं नावाच्या लांबीवरून! सगळी नावं एकाच लांबीची झाली तर एकाच खणात गर्दी. म्हणून नावांच्या लांब्या मुद्दाम वेगवेगळ्या ठेवल्या. एचटीएमएलस्पेशलचार्स हे त्या काळातलंच लांबलचक नाव.

त्या वेळी पीएचपी हे त्यांनी स्वतःच्या वापरासाठी केलेलं साधन होतं. यात मला दोष देण्यासारखं काही दिसत नाही. आपल्या घरातल्या डब्यांवर आपण काहीही लिहावं. प्रश्न येतो तो त्याच डब्यांवर लाखो लोकांचा स्वयंपाक सुरू होतो तेव्हा, आणि ते केव्हा होईल हे सांगून होत नाही.

याच घरातलं आणखी एक नाव: 'मायएसक्यूएल_रिअल_एस्केप_स्ट्रिंग'. रिअल! म्हणजे आधीचं काय होतं? आधी नुसतं 'मायएसक्यूएल_एस्केप_स्ट्रिंग' होतं. ते कनेक्शनचा कॅरेक्टर सेट बघत नसे, म्हणून खरंखुरं दुसरं काढावं लागलं. पण जुनं हटवता येत नव्हतं, आणि नवशिक्याला दोन्हींपैकी छोटं, साधं नाव जास्त जवळचं वाटणार. एसक्यूएल इंजेक्शनसारख्या हल्ल्यापासून वाचवणाऱ्या गोष्टीचं हे नाव, जिथे गोंधळाची किंमत कोणाचा तरी अख्खा डेटाबेस असते. डिसेंबर २०१५ च्या पीएचपी ७ मध्ये ते सगळं कुटुंबच काढून टाकलं.

फ्लॅटन की स्मूश?

जुनं नाव काढणं किती अवघड, याची दोन उदाहरणं देतो. पायथनच्या युनिटटेस्टमध्ये 'फेलअनलेस' नावाचं एक फंक्शन होतं. 'अमुक नसेल तर नापास', म्हणजे वाचतानाच डोक्याला पीळ. २००९ च्या पायथन ३.१ मध्ये जाहीर झालं की हे वापरू नका, 'असर्टट्रू' वापरा. प्रत्यक्षात ते निघालं २०२३ च्या ३.१२ मध्ये. एका टोपणनावाला निरोप द्यायला चौदा वर्षं.

पायथनचं निदान ठीक, कारण नवी आवृत्ती कधी घ्यायची हे वापरणारा ठरवतो. वेबवर तीही सोय नाही. ब्राऊझर आपोआप अपडेट होतो आणि जुन्या साईट तशाच राहतात. जावास्क्रिप्टमध्ये याद्यांच्या आतल्या याद्या सपाट करणारं 'फ्लॅटन' आणायचं ठरलं होतं. मार्च २०१८ मध्ये लक्षात आलं की मूटूल्स नावाच्या जुन्या लायब्ररीने हेच नाव आपल्या पद्धतीने वापरलंय, आणि नवं फ्लॅटन आलं तर ती वापरणाऱ्या साईट मोडतील. कोणीतरी गमतीने सुचवलं, मग नाव 'स्मूश' ठेवू. त्यावरून एवढा गदारोळ झाला की विचारू नका. 'जुन्या साईट मोडू द्या' असं म्हणणारेही पुष्कळ होते. अखेर नाव ठरलं 'फ्लॅट'. याआधी २०१४ मध्ये मूटूल्समुळेच 'कंटेन्स' चं 'इन्क्लुड्स' करावं लागलं होतं.

मोडणाऱ्या साईट कोणाच्या होत्या? एखाद्या छोट्या दुकानाच्या, शाळेच्या, बनवणारा केव्हाच दुसरीकडे निघून गेलेल्या. त्यांच्यातल्या कोणीही या चर्चेत नव्हतं, तरी त्यांची बाजू राखली गेली. मला व्यक्तिशः हा निर्णय पटतो. एक चांगलं नाव गेलं, पण ज्यांना काहीच माहीत नव्हतं त्यांचं काम चालू राहिलं.

आपल्या ऑफिसात

तुम्ही म्हणाल, हे सगळं थॉम्पसन आणि सिमोनींचं झालं, आपण कुठे जगासाठी लायब्ररी लिहितोय? मान्य. पण आपण जो इंटरफेस तीन टीमना देतो, त्या तीन टीमसाठी आपणच बेल लॅब्ज असतो. आमच्या एका प्रोजेक्टमध्ये 'गेटकस्टमरडिटेल्स', 'गेटकस्टमरडिटेल्सन्यू' आणि 'गेटकस्टमरडिटेल्सन्यू२' अशी तीन भावंडं सुखाने नांदत होती. खरं चालू होतं ते पहिलंच. 'न्यू' हा एका अर्धवट सोडलेल्या प्रयोगाचा अवशेष होता. टीममध्ये नवीन आलेल्या एका मुलीने साहजिकच 'न्यू' निवडलं आणि तिचे दोन दिवस गेले. तिने नावावर विश्वास ठेवला, एवढंच. विश्वास ठेवण्यासाठीच तर नाव असतं ना?

इतिहासातून मला तीन गोष्टी घ्याव्याशा वाटतात. एक, आजची अडचण नावात लिहू नका: बिट, आवृत्ती, 'न्यू', 'फायनल'. अडचण जाते, नाव राहतं. दोन, शेजारच्या नावाशी साम्य असेल तर वागणूकही सारखी हवी. स्ट्रएनकॉपीने केला तो घोटाळा साम्यातूनच झाला. तीन, धोका असेल तर नावातच सांगा. याचं माझं आवडतं उदाहरण २०१३ साली आलेल्या रिअॅक्टचं. पानात कच्चं एचटीएमएल घुसवायची सोय तिथे आहे, पण तिचं नाव आहे 'डेंजरसलीसेटइनरएचटीएमएल'. मुद्दाम लांब, मुद्दाम कुरूप. रस्त्यावरच्या डीपीवर लाल अक्षरांत 'धोका' लिहिलेलं असतं, तसं. दार बंद केलेलं नाही, पण उघडणाऱ्याला आपण काय उघडतोय ते टाईप करताना कळतंच, आणि रिव्ह्यू करणाऱ्यालाही दुरून दिसतं.

बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, घुगऱ्या खाऊन घरी जाते. नाव घेऊन जगायचं असतं ते बाळाला. आपल्या फंक्शनांचंही तसंच आहे. फरक एवढाच की बाळाला मोठेपणी अर्ज करून, फी भरून, राजपत्रात छापून नाव बदलून घेता येतं. फंक्शनसाठी अजून तरी तशी खिडकी कुठे उघडलेली नाही.

असो. बराच लांबला हा लेख. तुमच्या ऑफिसातही अशी एखादी 'न्यू२' असेलच. असेल तर जरूर कळवा, आपण सगळे मिळून तिला नावं ठेवू :)